स्कॉटलंडचा पैसा कोणता?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीतला स्कॉटलंडच्या स्वातंत्र्यावरचा लेख मी इथे लीथमध्ये, म्हणजे एडिंबराच्या बंदराकडच्या भागात, चहा पार निवेपर्यंत वाचला. लेख रंगतदार आहे. किल्ला आहे, बॅगपाइप आहे, ‘इंग्रजांच्या घराचे वासे फिरले’ असा खुसखुशीत मथळाही आहे. फक्त स्वातंत्र्याच्या खर्चाला लेखकाने दोनच ओळी दिल्या: तेल आहे, व्हिस्की आहे, पौंड आहेच, तेव्हा पैशाची चिंता नाही. त्यातल्या ‘पौंड आहेच’ या दोन शब्दांनी मला लिहायला बसवलं.

मी २००६ साली इथे शिकायला आले. तेव्हा ‘फ्रेश टॅलेंट’ नावाची योजना होती. स्कॉटलंडच्या विद्यापीठातून पदवी घेतली की दोन वर्षं इथे राहून नोकरी करायची मुभा. आपली माणसं कमी होत चालली आहेत या धास्तीने इथल्या सरकारने लंडनकडून ती मागून घेतली होती. २००८ मध्ये ती गुंडाळली गेली, पण तोवर मला एका पेन्शन कंपनीत टेबल मिळालं होतं. आजही त्याच धंद्यात आहे. एडिंबरा बाहेरच्यांना किल्ल्यासाठी आणि ऑगस्टच्या महोत्सवांसाठी माहीत असतं, पण पेन्शन, विमा आणि गुंतवणूक हा या शहराचा जुना धंदा आहे, आणि आमचे बहुतेक खातेदार सीमेपलीकडे इंग्लंडमध्ये राहतात.

२०१४ च्या उन्हाळ्यात, स्वातंत्र्याच्या सार्वमताच्या तोंडावर, आमचे फोन सकाळी नऊच्या ठोक्याला वाजायला लागायचे. एक गृहस्थ पक्के लक्षात आहेत. फाइफमधल्या कर्कॉडीचे, म्हणजे अ‍ॅडम स्मिथच्या गावचे. गोदीत काम करून निवृत्त झालेले. त्यांचा प्रश्न अगदी साधा होता: “मत ‘हो’ गेलं, तर माझं पेन्शन कोणत्या पैशात येणार?” आम्हाला वरून एक छापील वाक्य दिलेलं होतं. मतदानाच्या दुसऱ्या दिवशी लगेच काहीही बदलणार नाही, पुढे काही बदल झाल्यास कंपनी आपल्याला कळवेल. ते मी वाचून दाखवलं. पलीकडे थोडा वेळ नुसता श्वास ऐकू आला. मग म्हणाले, “म्हणजे उत्तर नाही असं म्हण की, हेन.” इथले म्हातारे कुठल्याही बाईला ‘हेन’ म्हणतात. शब्दशः कोंबडी, भाव मात्र आपल्या ‘पोरी’चा.

त्यांचा प्रश्न लहान वाटतो, पण सगळ्या वादाची गाठ तिथेच आहे.

तेव्हाचे प्रथम मंत्री, म्हणजे स्कॉटलंड सरकारचे प्रमुख, अ‍ॅलेक्स सामंड यांचं म्हणणं होतं की स्वतंत्र स्कॉटलंड आणि उरलेलं ब्रिटन मिळून पौंड वापरतील, बँक ऑफ इंग्लंड दोघांची. पौंड आमचाही आहे, हे त्यांचं पालुपद. १३ फेब्रुवारी २०१४ ला ब्रिटनचे अर्थमंत्री जॉर्ज ऑस्बर्न एडिंबरात येऊन सांगून गेले की असली भागीदारी होणार नाही, आणि मजूर व लिबरल डेमोक्रॅट पक्षांनीही तीच री ओढली. ऑगस्टमध्ये टीव्हीवरच्या पहिल्या वादात ‘नाही’च्या बाजूचे म्होरके अ‍ॅलिस्टर डार्लिंग सामंडना एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारत राहिले: ते नाही म्हणाले तर तुमचा दुसरा बेत काय? सामंड फर्डे वक्ते, पण त्या रात्री त्यांचं घोडं तिथेच पेंड खात राहिलं. दोघेही आज हयात नाहीत. प्रश्न आहे.

भागीदारी नाही, तर उरतात तीन वाटा. युरो ही त्यातली एक, पण ती लांबची आहे आणि तिच्याबद्दल इथे फारसं कुणी बोलतही नाही. दुसरी, लंडनला न विचारता पौंडच वापरायचा. त्याला कुणी अडवू शकत नाही. पनामा डॉलर वापरतं, तसं. इथे इतिहासाची थोडी गंमत आहे. १६९८ मध्ये स्कॉटलंडने याच पनामाच्या किनाऱ्यावर, डेरियनला, वसाहत करायला माणसं पाठवली. दोन वर्षांत सगळं धुळीला मिळालं. रोगाने माणसं गेली आणि देशातल्या खेळत्या पैशाचा मोठा हिस्सा बुडाला. आपल्या लेखात १७०७ चं एकीकरण म्हणजे ‘इंग्लंडने गिळलं’ असं आलंय. गिळलं असेलही, पण त्या करारात स्कॉटलंडला ३,९८,०८५ पौंड १० शिलिंग द्यायचे ठरले होते, आणि त्यातून डेरियनच्या भागधारकांची भरपाई व्हायची होती. त्या रकमेवर हक्क असलेल्यांची जी कंपनी झाली, तिच्यातूनच १७२७ मध्ये रॉयल बँक ऑफ स्कॉटलंड निघाली. स्वातंत्र्य गेलं तेव्हाही जमाखर्चाची वही उघडीच होती.

तर, परवानगीशिवाय पौंड वापरला तर काय होतं? रोजच्या खरेदीत काहीच नाही. अडचण वादळात येते. याच रॉयल बँकेला २००८-०९ मध्ये वाचवायला ब्रिटिश सरकारने ४५ अब्ज पौंड ओतले. आणि माझ्या टेबलासमोर घडलेली गोष्ट सांगायची तर २८ सप्टेंबर २०२२ चा बुधवार. पाच दिवसांपूर्वी लिझ ट्रस यांच्या सरकारने बिनहिशेबी करकपात जाहीर केली होती. सरकारी रोख्यांचे भाव असे कोसळले की पेन्शन फंडांकडे तारण मागणारे फोन एकामागून एक यायला लागले. तारण भरायचं तर रोखे विकायचे, विकले की भाव आणखी पडायचा, की पुन्हा तारण. आमच्याकडे त्या सकाळी कुणी मोठ्याने बोलत नव्हतं. एरवी टी-ब्रेकला फुटबॉलवर भांडणारे दोघे शेजारी शेजारी बसून नुसते पडद्याकडे बघत होते. दुपारच्या आत बँक ऑफ इंग्लंडने जाहीर केलं की आम्ही रोखे विकत घेतो, आणि भाव सावरले.

या गोष्टीतून स्वातंत्र्यवादी मित्र म्हणतात, बघ, लंडनच्या हातात पैसा ठेवला की असं होतं. अगदी खरं. ट्रस यांना निवडून देण्यात स्कॉटलंडचा वाटा नगण्य होता. पण दुपारच्या आत धावून आलेली ती बँकही लंडनचीच होती. दुसऱ्याचा पैसा वापरणाऱ्या देशाला वादळ मिळतं, बँक मिळत नाही.

तिसरी वाट स्वतःच्या चलनाची. मला विचाराल तर खरं स्वातंत्र्य हेच. पण त्यासाठी परकीय चलनाची गंगाजळी लागते, आणि ती आपोआप साठत नाही. घराच्या पातळीवर काय होतं ते माझ्याच फ्लॅटवर सांगते. माझा हप्ता महिन्याला ८७० पौंड, कर्ज इंग्लंडमधल्या सावकाराचं. उद्या पगार स्कॉटिश पौंडात आला आणि तो ब्रिटिश पौंडाच्या तुलनेत दहा टक्क्यांनी उतरला, तर तेच ८७० भरायला मला ९६७ लागतील. पगार तोच, घर तेच. कर्कॉडीच्या आजोबांचं उलट होईल. त्यांचं पेन्शन ब्रिटिश पौंडात आलं तर चांदी, स्कॉटिश पौंडात आलं तर टाच. एका जिन्यात राहणारी दोन माणसं एकाच बदलाने एक वर, एक खाली. हे राज्यकर्त्यांनी सांगायला हवं होतं. छापील वाक्याने कसं भागेल?

आणखी एक कलम आमच्या धंद्यातल्या लोकांनाच ठाऊक होतं. युरोपीय संघाच्या नियमाप्रमाणे दोन देशांत पसरलेल्या कंपनी-पेन्शन फंडात तूट चालत नाही, पैसा पूर्ण भरलेला हवा. ब्रिटनमध्ये शेकडो फंड तुटीत होते आणि ती भरायला त्यांना वर्षानुवर्षांची सवलत दिलेली होती. मध्ये सीमा आली की एका रात्रीत हे फंड ‘परदेशी’ होणार. २०१३ मध्येच इथल्या हिशेबतपासनिसांच्या संस्थेने हे लिहून ठेवलं होतं. ते प्रचारात फारसं गाजलं नाही. पेन्शनचे नियम पोस्टरवर मावत नाहीत, काय करणार!

पोस्टरवर काय आलं? २८ मे २०१४ ला दोन्ही सरकारांनी एकाच दिवशी आकडे फेकले. लंडनचं अर्थखातं म्हणालं, एकत्र राहिलात तर माणशी वर्षाला १,४०० पौंडांचा फायदा. एडिंबरा म्हणालं, वेगळे झालात तर पंधरा वर्षांनी माणशी वर्षाला १,००० पौंडांचा फायदा. लंडनवाल्यांनी वर लेगोच्या बाहुल्यांची चित्रं टाकून दाखवलं की १,४०० पौंडांत घरच्यांबरोबर दहा आठवडे रोज फिश अँड चिप्स खाता येतील, वर उकडून घोटलेले मटार. लेगो कंपनीनेच ती चित्रं काढायला लावली. तीनशे वर्षांचं नातं आणि मटार! मी ‘नाही’ला मत दिलं, पण त्या दिवशी माझ्या बाजूचीच लाज वाटली.

नवं सरकार उभारायच्या खर्चातही हाच तमाशा. लंडनच्या अर्थखात्याने लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या एका प्राध्यापकांच्या कामातून एका खात्याचा दीड कोटी पौंडांचा आकडा उचलला, १८० खात्यांनी गुणला, आणि २.७ अब्ज असं वर्तमानपत्रांना दिलं. प्राध्यापकांनी तोंडावरच सांगितलं की हा गुणाकार माझा नाही, सुरुवातीचा खर्च वीस कोटींच्या आसपास येईल. मला तोही आकडा थोडा भाबडाच वाटतो. हॉलिरूडची, म्हणजे स्कॉटिश संसदेची, इमारत १ ते ४ कोटींत होईल असं १९९७ मध्ये सांगितलं होतं. २००४ मध्ये ती उघडली तेव्हा बिल ४१ कोटींच्या वर गेलं होतं.

आता तेल. आपल्या लेखकाचा सगळा भरवसा त्यावर. २०१३ च्या नोव्हेंबरात स्वातंत्र्याचा जो जाडजूड आराखडा निघाला, त्यात तेलाचा भाव पिंपाला ११० डॉलरच्या घरात धरला होता, आणि २०१६-१७ मध्ये उत्तर समुद्रातून निदान ६.८ अब्ज पौंडांचं उत्पन्न येईल असं म्हटलं होतं. स्वातंत्र्याचा दिवसही ठरला होता, २४ मार्च २०१६. त्या जानेवारीत भाव ३० डॉलरच्या खाली गेला होता. २०१५-१६ मध्ये स्कॉटलंडच्या वाट्याचं तेलाचं उत्पन्न म्हणून जो आकडा छापून आला तो सहा कोटी पौंडांचा. अब्ज नव्हे, कोटी. अ‍ॅबर्डीनमध्ये माझ्या नवऱ्याचा वर्गमित्र तेलाच्या कंपनीत होता. २०१५ च्या दिवाळीला आम्ही त्याच्याकडे गेलो, तर फराळाच्या ताटाशेजारी घराचा विक्रीचा कागद होता.

पण याची दुसरी बाजू न सांगणं लबाडी होईल. १९७४ मध्ये गॅव्हिन मॅक्रोन या सरकारी अर्थतज्ज्ञाने लिहिलं होतं की तेलामुळे स्वतंत्र स्कॉटलंडकडे लाजायला लावेल इतकी शिल्लक राहील. तो अहवाल दडवला गेला. २००५ मध्ये माहिती अधिकाराखाली तो बाहेर आला. शेजारच्या नॉर्वेने त्याच समुद्रातल्या तेलाचा पैसा गाठीला बांधला, ब्रिटनने खर्चून टाकला. माझ्या खालच्या मजल्यावरच्या बाई, जन्मभर स्वातंत्र्याला मत देणाऱ्या, हे सांगताना अजूनही दारात उभ्या उभ्या तापतात. एकत्र राहण्याचीही किंमत असते, आणि ती स्कॉटलंडने भरलेली आहे. फक्त ते तेल आता परत येत नाही.

आज काय आहे, ते दर ऑगस्टला स्कॉटिश सरकारच छापतं. ‘गर्स’ म्हणतात त्या जमाखर्चाला. २०२४-२५ मध्ये स्कॉटलंडची कागदावरची तूट २६.५ अब्ज पौंड, राष्ट्रीय उत्पन्नाच्या ११.७ टक्के. संपूर्ण ब्रिटनची ५.१ टक्के. माणशी धरली तर जवळपास ४,८०० पौंड. इथे औषधाच्या चिठ्ठीला पैसे पडत नाहीत, इथल्या मुलांना विद्यापीठाची फी नाही, साठीनंतर बस फुकट. माणशी सरकारी खर्च ब्रिटनच्या सरासरीपेक्षा दोन हजार पौंडांहून जास्त आहे, आणि मधलं अंतर आज लंडनचा खजिना भरून काढतो. स्वातंत्र्यवादी म्हणतात, हा जमाखर्च गुलामीतला आहे, स्वतंत्र झाल्यावर आम्ही वेगळा खर्च करू, अण्वस्त्र पाणबुड्या फास्लेनच्या नौदल तळावरून घालवू. घालवा. सगळं संरक्षण शून्यावर आणलं तरी हा खड्डा भरत नाही. युरोपीय संघात तर तुटीची मर्यादा तीन टक्के.

संघाचं नाव निघालंच म्हणून माझ्या पोलिश मैत्रिणीबद्दल लिहिते. शेजारच्या टेबलावर बसायची. २०१४ मध्ये आम्हा दोघींनाही मत होतं, मला राष्ट्रकुलातली म्हणून, तिला युरोपातली म्हणून. दोघींनीही ‘नाही’ म्हटलं. वेगळं झालो तर युरोपातून बाहेर पडू, असं तेव्हा बजावलं जात होतं, आणि तिला तीच भीती होती. दोन वर्षांनी युरोपात राहायचं की नाही याचं मतदान झालं, तेव्हा मला मत होतं, तिला नव्हतं. स्कॉटलंडचे ६२ टक्के लोक राहा म्हणाले, बत्तीसच्या बत्तीस परिषद-क्षेत्रांनी तोच कौल दिला, आणि तरी बाहेर पडावं लागलं. २४ जूनच्या सकाळी ती मला म्हणाली, “आपण दोघींनी मिळून माझंच नुकसान केलं.” मला त्यावर काही बोलता आलं नाही. २०१९ मध्ये ती परत गेली.

तेव्हापासून माझं मत पूर्वीसारखं घट्ट राहिलेलं नाही, हे कबूल करते. ‘फ्रेश टॅलेंट’सारखी योजना ज्यांना हवी होती ते एडिंबरातले आणि जी बंद झाली ती लंडनमधून, हेही मी विसरलेले नाही. पण ब्रेक्झिटने स्वातंत्र्याचं कारण जितकं बळकट केलं, तितकाच त्याचा खर्चही वाढवला, आणि हे कुणी एका दमात बोलत नाही. २०१४ मध्ये दोन्ही देश युरोपात राहिले असते तर ट्वीड नदीजवळची सीमा म्हणजे रस्त्याकडेची एक पाटी. आता स्कॉटलंड संघात गेलं, इंग्लंड बाहेर राहिलं, तर तिथे जकात आणि कागद येणार. कागद म्हणजे काय ते इथल्या मासळीवाल्यांनी जानेवारी २०२१ मध्ये पाहिलं. जिवंत कोळंबी-खेकडे फ्रान्सला पाठवायचे, तर प्रत्येक खेपेला पशुवैद्याच्या सहीचा आरोग्य-दाखला. सही होईपर्यंत माल मरायचा. शेवटी त्यांनी ट्रक नेऊन लंडनमध्ये सरकारच्या दारात उभे केले. स्कॉटलंडचा बाहेर जाणारा सुमारे ६० टक्के माल आणि सेवा उरलेल्या ब्रिटनमध्ये जातात. आमच्या कचेरीतले पेन्शनचे कागद त्यातच आले.

आपल्या लेखातला सूर मला कळतो. ज्यांनी आपल्यावर राज्य केलं त्यांचं घर फुटतंय, याच्या गुदगुल्या आपल्याला होणारच. पण पेशवाई बुडाली तेव्हा पुण्यात रेसिडेंट असलेला एल्फिन्स्टन स्कॉटिश होता, माल्कमही स्कॉटिश. ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत स्कॉटलंडची पोरं हौसेने आली होती. या भांडणात आपल्या वतीने कुणी उभं नाही.

ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने २३ नोव्हेंबर २०२२ ला एकमताने सांगितलं की लंडनच्या संमतीशिवाय हॉलिरूडला सार्वमत घेता येणार नाही, त्यामुळे तूर्त मत द्यायची वेळच येत नाही. आली तर? मला ‘हो’ म्हणायला लावणारा माणूस असा लागेल, की जो समोर उभा राहून सांगेल: पहिली दहा वर्षं ओढाताणीची, कर वाढतील, बसचा पास जाईल, पैसा अमुक तारखेला बदलेल, आणि तरी हे करण्यासारखं आहे. असा माणूस मला भेटलेला नाही. २०२२ च्या ऑक्टोबरात तेव्हाच्या प्रथम मंत्री निकोला स्टर्जन यांच्या सरकारने अर्थव्यवस्थेचा जो कागद काढला, त्यात आधी पौंड, मग शक्य तितक्या लवकर स्कॉटिश पौंड, असं आहे. तारीख नाही. कर्कॉडीच्या आजोबांचा फोन आज आला, तर मला तेच छापील वाक्य पुन्हा वाचावं लागेल.

पत्र लांबलं. काटछाट करावी लागली तर मटार काढा, गंगाजळी ठेवा. नोकरीमुळे नाव छापू नये, ही विनंती.

आपली एक वाचक,
लीथ, एडिंबरा